लाल गाडीच्या मागे

राठोडमामा घरी फोन लावत तेव्हा "काय चाललंय?" असं कधी विचारत नसत. "कोन कोन हाये घरी?" एवढंच विचारत. वसमतच्या स्टँडवर एकदा, नांदेडला एकदा, परतताना औंढ्याला एकदा. पलीकडून त्यांची बायको नावं सांगायची. एखादं नाव कमी पडलं की हातातला चहा तसाच राहायचा. "सविता कुठं गेली? कवा गेली? कशावर गेली?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना ते डोळे मिटून घेत.

फुलसिंग राठोड हे त्यांचं नाव. हिंगोली-नांदेड गाडीचे ते ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. औंढ्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागूनच त्यांचा बंजारा तांडा. अंगानं सडसडीत, मिशी पांढरी आणि कपाळावर कायम आठी. नोकरीला लागल्यावर माझी त्यांच्यासोबत ड्युटी लागली तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, हा माणूस चिडका आहे. गाडी चालू असताना बोलत नसत, हसत नसत. कुणी प्रवासी केबिनशी येऊन गप्पा मारू लागला की मान न वळवता "मागं बसा" म्हणत. ते चिडलेले नसतात, धास्तावलेले असतात, हे कळायला मला एक पावसाळा जावा लागला.

गाडी काढायच्या आधी ते गाडीला फेरी मारत आणि प्रत्येक टायरवर तळहात ठेवत. मी एकदा विचारलं, "मामा, हातानं काय कळतं?"

"आमच्या आज्ज्याच्या आज्ज्यानं बैलावर मीठ वाहिलं मॅडम. तांडा निघायच्या आधी एकेका बैलाच्या अंगावरून हात फिरवायचे. लोखंडाला काय कळत न्हाई. पण हात फिरवल्याशिवाय निघालं की मला तकलीफ होते."

"मामा, नांदेडला किती वाजता पोचू?" असा प्रश्न रोज कुणीतरी विचारायचंच. त्याला त्यांचं एकच उत्तर होतं. "निघालो हाओत."

त्यांना सगळ्यात जास्त धास्ती मोटारसायकलींची. ड्रायव्हरच्या उंच सीटवरून आयुष्यभर त्यांनी त्या वरून पाहिलेल्या. समोर बसलेलं लेकरू, मागं बाई, बाईच्या मांडीवर आणखी एक लेकरू, हँडलला पिशव्या. "खालून बघणाऱ्याला मोटारसायकल दिसते," ते म्हणत. "मला वरून नुसती डोकी दिसतात."

जवळाबाजारच्या पुढं एकदा असंच झालं. एक मोटारसायकल आम्हाला ओलांडून पुढं गेली. मागं बसलेल्या बाईचा पदर सुटून चाकाजवळ लोंबत होता. मामांनी हॉर्न दिला. त्या माणसाला वाटलं एस.टी. साइड मागते आहे, तो आणखी जोरात निघाला. मग मामांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं, गाडी दामटली. हॉर्नवरचा हात काढेनात. प्रवासी सीटच्या दांड्या धरून बसले, एक म्हातारी नागनाथाचा धावा करू लागली. मी केबिनपर्यंत धडपडत गेले आणि ओरडले, "मामा, काहून पळवून राहिले?" त्यांना ऐकूच येत नव्हतं. शेवटी तो माणूस वैतागून थांबला, गाडीवरून उतरला आणि त्यानं मामांना आई-बहिणीवरून शिव्या द्यायला सुरुवात केली. मामांनी खिडकीतून हात जोडले. "शिव्या दे बाबा. पण आधी तिला पदर आवरायला सांग."

त्या बाईनं खाली पाहिलं. पदराच्या टोकाला साखळीचं काळं ग्रीस लागलेलं होतं. नवऱ्यानंही वाकून ते बघितलं. वसमतच्या स्टँडवर गाडी लावल्या लावल्या मामांनी फोन लावला. "कोन कोन हाये घरी?"

त्यांच्या हातून कधी अपघात झाला नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आगारात त्यांचा सत्कार झाला, छातीवर बिल्ला लावला, नारळ दिला. दुसऱ्या दिवशी बिल्ला शर्टावर नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "घरी डब्यात टाकला." मला वाटलं, नजर लागू नये म्हणून. पण ते निराळंच होतं. त्या दिवशी औंढ्याला गाडी थांबलेली असताना ते पहिल्यांदा माझ्याशी मोकळं बोलले.

"मॅडम, एवढे वर्सं रस्त्यावर हाये. सगळ्यांच्या हातून काई ना काई झालं. माझ्या हातून न्हाई. तुमाला हे बराबर वाटतं?"

"चांगलंच आहे की मामा."

"चांगलं कसं? माझ्या वाट्याचं जे व्हतं ते गेलं कुठं? ते कुठंतरी साचून राहिलंय. आन् माझ्यावर न्हाई पडलं तर कोनावर पडंल?"

त्यानंतर त्यांचे ते फोन मला वेगळे ऐकू येऊ लागले.

अशा माणसाच्या पोरीला मोटारसायकल पाहिजे होती.

सविता त्यांची धाकटी. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गावोगाव, तांड्या-तांड्यावर जाऊन लसी टोचायच्या, अडलेल्या गायी-म्हशी सोडवायच्या. तिच्याकडे जुनी स्कुटी होती, औषधांची पेटी बांधली की सिद्धेश्वरकडच्या चढावर ती बंद पडायची. बोलायला ती वडिलांच्या अगदी उलट. आमच्या गाडीत बसली की अख्खी गाडी तिच्याशी म्हशींबद्दल बोलत असे. एक दिवस ती केबिनच्या मागच्या सीटवर बसली आणि वडिलांच्या पाठीला म्हणाली, "बा, मी मोटारसायकल घेऊन राहिले."

गाडी चालू असताना न बोलणारे मामा बोलले. "शंभर सीसीची घे. साधी."

"साधी न्हाई. गोल हेडलाइटची पाहिजे. जुन्या घाटाची."

"त्याची गरज काय?"

"गरज न्हाई बा," ती म्हणाली. "हौस हाये."

पुढच्या स्टॉपला गाडी जराशी पुढं जाऊन थांबली आणि उतरणाऱ्यांना चार पावलं मागं यावं लागलं. असं त्यांच्याकडून कधी होत नसे.

तिच्या मनात दोन गाड्या होत्या. दोन्हींची नावं मूळची इंग्रजांची. एका कंपनीचं तिकडचं घर केव्हाच बंद झालं, पण इकडं आपल्या देशात ती गाडी बनतच राहिली, लष्करात गेली, पाटलांच्या दारात उभी राहिली. दुसरीचं नाव इतकी वर्षं फक्त जुन्या लोकांना ठाऊक होतं, आता पुन्हा टाकीवर आलं. सविता एकीला हिरवी म्हणायची आणि दुसरीला लाल, कारण तिला त्याच रंगात पाहिजे होत्या. हिरवी साडेतीनशे सीसीची, जड, धडधड करणारी, तारांच्या चाकांची, टाकीवर सोनेरी रेघा. लाल चारशेची, जोरकस, इंजिन गार ठेवायला पाण्याची टाकी, चाकं ओतीव. दोन्ही दिसायला पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, आतून कोऱ्या करकरीत.

"नवीन हायेत तर जुन्या काहून दिसतात?" मामांनी मला विचारलं.

"फॅशन आहे मामा."

त्यांनी मान हलवली. "न्हाई मॅडम. जुनं दिसलं की माणूस इसवास ठेवतो. तेच्यासाठी हाये ते."

मग त्यांनीच जाहीर केलं, "दोन्ही मी बघतो. मी सांगतो कोनती घ्यायची." सविताला आनंद झाला. मला लगेच कळलं की हा वेळकाढूपणा आहे. तुलना संपू द्यायचीच नाही, असा त्यांचा बेत होता. आणि त्यांनी ती अशी काही लांबवली की विचारू नका.

रस्त्यावर गोल हेडलाइट दिसला की ते गाडीचा वेग कमी करत. स्टँडवर कुणी तसली मोटारसायकल लावली की चहा सोडून तिच्याभोवती फेरी मारत. "हिरवीचं चाक तारांचं. म्हंजे आत ट्यूब. बाभळीचा काटा घुसला की हवा फसकन जाते," असं सोमवारी सांगत आणि मी म्हणावं, "मग लाल?" तर मंगळवारी, "लालचं काम निघालं तर नांदेड गाठावं लागंल. हिरवी तर आपल्या गावचा कोणताबी मेकॅनिक डोळे झाकून खोलतो." बुधवारी पुन्हा, "पण हिरवी लई जड. अंगावर पडली तर पोरगी उचलंल कशी?" गुरुवारी, "लाल हाताला हलकी लागते, पण वढते लई. वढणारी गाडी माणसाला फूस लावते." हिरवीचा एक गुण त्यांना मनापासून आवडे, तिचा आवाज. "येऊन राहिली हे लोकाला कळतं. कुत्र्याला कळतं, म्हशीला कळतं. लाल कधी पाठीशी आली तेबी समजत न्हाई."

श्रावणात औंढ्याला पुण्याकडची पोरं मोटारसायकलींवर दर्शनाला आली होती. त्यांच्यात हिरवीही होती आणि लालही. मामा सरळ त्यांच्यात जाऊन उभे राहिले. पोरं उत्साहानं पिकअप, मायलेज, टॉप स्पीड सांगू लागली. मामांनी हात वर केला.

"ते ऱ्हाऊ द्या. पडलेत का कधी?"

हिरवीवाला म्हणाला, "नाही काका, देवाच्या कृपेनं."

मामांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. "हेला काई माहीत न्हाई." लालवाला दोनदा पडलेला निघाला. त्याला त्यांनी जवळच्या टपरीवर बसवला, चहा पाजला आणि विचारत राहिले. कोणत्या अंगावर पडला? रस्ता ओला होता का? ब्रेक आधी कोणता दाबला? पाय गाडीखाली आला का? पोरगा सांगता सांगता पांढरा पडला. गाडीत परत आल्यावर मामा म्हणाले, "पोरगं चांगलं हाये. उगाच आलं एवढ्या लांब."

सविता मात्र वडिलांना पुरती ओळखत होती. ती भांडली नाही, तिनं घाईही केली नाही. दिवाळी झाली आणि एका सुट्टीच्या दिवशी ती त्यांना घेऊन नांदेडला गेली. दोन्ही गाड्या चालवून बघायच्या, तिनं पुढं, त्यांनी मागं. मलाही तिनं बोलावलं, "मॅडम, बा घाबरून उतरले तर धरायला कुणी पाहिजे."

पहिल्यांदा हिरवी. डोक्यावर शोरूमचं हेल्मेट, दोन्ही हात सविताच्या खांद्यांवर, आणि उजवा पाय फुटरेस्टवर असा दाबलेला की जणू खाली एस.टी.चा ब्रेक आहे. परत आले ते बऱ्या चेहऱ्यानं. "बाजेवर बसल्यावानी वाटतं," म्हणाले. "हीच बरी. हळू हाये." मला वाटलं, झालं. सविताचा चेहरा उतरला होता.

मग लाल. त्याच रस्त्यानं निघाले. मी शोरूमच्या पायरीवर उभी होते, मला सगळं दिसत होतं. डावीकडून एक भरलेला ऑटो न बघता रस्त्यात घुसला आणि मधेच थांबला. माझ्या तोंडून आवाज निघाला. लाल गाडी जागच्या जागी खिळली. ऑटोच्या मागच्या पत्र्यात आणि तिच्या चाकात हात घालायला जागा होती, तेवढीच.

मामा उतरले. रस्त्याच्या कडेला गेले आणि खाली बसले. मी पाणी घेऊन पळाले. त्यांचा उजवा पाय अजून जमिनीत दाबलेलाच होता. पाणी पिऊन त्यांनी त्या गाडीकडे खूप वेळ पाहिलं.

"ही घे," ते सविताला म्हणाले.

"बा, हिरवी म्हणत होतात ना?"

"हिरवी थांबली नसती. ही थांबली."

लाल गाडी ताब्यात घ्यायचा दिवस आला तेव्हा मामांनी रजा घेतली नाही, मुद्दाम ड्युटी घेतली. सविता नांदेडहून गाडी घेऊन निघणार आणि मामा आमची एस.टी. घेऊन तिच्या मागे राहणार, असं त्यांचं ठरलं होतं. तिला बजावलं होतं, "मला दिसत राहायचं." तीही कबूल झाली होती.

वसमतपर्यंत तसंच झालं. पुढं लाल गाडी, पाठीला औषधांची बॅग लावलेली सविता, आणि मागं आमची अख्खी भरलेली एस.टी., तिच्याच वेगानं. प्रवासी कुरकुर करू लागले. "मामा, वरात हाये का?" कुणीतरी ओरडलं. मामांचं लक्ष नव्हतं. ते पुटपुटत होते, "डावीकडं... हां... आता खड्डा हाये... हां."

वसमत सोडल्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. प्रत्येक ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. सविता एका ट्रॉलीच्या पुढं निघाली आणि दिसेनाशी झाली. आमच्या गाडीला ओलांडायला जागा नव्हती. समोरून गाड्या येतच होत्या. मामा जरा उजवीकडं घेत, बघत आणि परत मागं येत. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. घाम हनुवटीवरून टपकत होता. मी सविताचा फोन लावला. रिंग जात राहिली, उचलला नाही.

"गाडी चालवताना उचलणार नाही ती, मामा."

"व्हय," ते म्हणाले. "लावू नका. खिशातला फोन वाजला की ध्यान जातं."

मग पुढच्या ट्रॉल्या थांबल्या. त्यांच्यामागं आम्ही थांबलो. पुढून माणसं पळताना दिसली आणि एक ट्रॅक्टरवाला उतरून दोन्ही हात हलवू लागला. मामांनी इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ते तसेच बसून राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमी बघून या."

मी उतरले. ट्रॉल्यांच्या कडेनं पळत गेले. तिथपर्यंतचं अंतर मला आजही फार लांब वाटतं. रस्त्यावर उसाच्या कांड्या आणि शेंड्यांचे वाढे पसरलेले, त्यावर लाल गाडी आडवी. सविता रस्त्याच्या कडेला मातीत बसलेली, हेल्मेट काढलेलं, एक हात दुसऱ्या हातानं धरलेला. कुणी बाई तिला पाणी पाजत होती. ट्रॉलीवरून मोळी सुटून खाली पडली, सविता ती चुकवायला गेली आणि चाक पाचटावर सरकलं. वेग नव्हताच. मला पाहिलं आणि तिनं आधी विचारलं, "बा उतरले का?"

मी धावत परत आले. मामा तसेच बसलेले होते. मी खिडकीखालून ओरडले, "चांगली आहे! बसलीय, पाणी पिऊन राहिली! हाताला लागलंय."

"दोन्ही पाय हलवते?"

"हो."

"डोक्याला?"

"काही नाही मामा. हेल्मेट होतं."

तेव्हा ते उतरले. पोरीजवळ गेल्यावर रडले नाहीत, रागावले नाहीत. तिच्या डोक्यावर तळहात ठेवला, मग खांद्यावर, मग दोन्ही पायांवर. लाल गाडी शेजारच्या शेतकऱ्याच्या आखाड्यावर, त्याच्या शेतातल्या गोठ्यात ठेवली. सविताला त्यांनी आमच्याच गाडीत, केबिनमागच्या सीटवर बसवलं. ती हात पोटाशी धरून होती आणि प्रत्येक खड्ड्याला दात आवळत होती. मी आरशात पाहिलं. राठोडमामा गुणगुणत होते. त्यांच्या गोरमाटी बोलीतलं काहीतरी होतं, मला शब्द कळले नाहीत. इतक्या वर्षांत गाडी चालवताना ते कधी गुणगुणले नव्हते.

खांद्याचं हाड मोडलं होतं. औंढ्याच्या दवाखान्याबाहेर कट्ट्यावर ते माझ्याजवळ बसले. कपाळावरची आठी गेली होती. माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"झालं मॅडम," ते म्हणाले. "निघून गेलं. साचलं व्हतं ते निघून गेलं."

त्यानंतर काही दिवस आमच्या गाडीत निराळेच ड्रायव्हर होते. प्रवाशांशी बोलत, पूर्ण कप चहा पीत. एकदा तर वसमतला फोन लावायचा विसरले. मलाच चुकल्यासारखं झालं.

सविताच्या खांद्याचा पट्टा सुटला त्या आठवड्यात ते पुन्हा गप्प झाले. जवळाबाजारला गाडी उभी होती. त्यांनी अर्धा कप बाजूला ठेवला.

"मॅडम, एक विचारू? एवढ्यावर भागलं असंल का?"

"म्हणजे?"

"एवढे वर्सं. आन् फक्त एक हाड? बराबर वाटत न्हाई मला." मग म्हणाले, "हिरवी घेतली असती तर घसरली नसती. जड हाये."

ही गोष्ट त्यांनी सविताजवळही काढली असणार, कारण ती पुढच्या वेळी गाडीत भेटली तेव्हा हसत म्हणाली, "घसरली असती बा, आन् जडबी असती. पाय गेला असता." त्यांची तुलना गाडी घरी आल्यावरही संपली नव्हती.

ती पुन्हा चालवू लागली. मी मामांना विचारलं, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"न्हाई म्हणलं तर चोरून जाईल," ते म्हणाले. "चोरून जाणारं माणूस घाई करतं."

फोन पुन्हा सुरू झाले. वसमतला, नांदेडला, औंढ्याला. निवृत्त होईपर्यंत त्यात खंड पडला नाही. निरोपाच्या दिवशी आगारात लोक हार घालत होते आणि मामा सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, कारण सविता लाल गाडीवरून तिथं यायची होती आणि आली नव्हती. ती आली तेव्हा भाषणं संपली होती. त्यांनी भाषण केलं नाही, नुसते हात जोडले.

आता त्या मार्गावर माझ्यासोबत नवा ड्रायव्हर आहे, जोशात चालवणारा. परवा दुपारी आम्ही तांड्याजवळून चाललो होतो. ऊन रणरणत होतं, रस्ता मोकळा होता. लिंबाखाली, डांबराच्या अगदी कडेला, लाल मोटारसायकल मोठ्या स्टँडवर उभी होती आणि तिच्यावर राठोडमामा बसले होते. इंजिन बंद. डोक्यावर हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली आवळलेला. दोन्ही हात हँडलवर, नजर समोर, आम्ही चाललो होतो त्याच दिशेला तोंड. आजूबाजूला कुणी नव्हतं.

आमच्या ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्न दिला. मामांनी मान वळवली नाही. त्यांनी आरशात पाहिलं, हँडल जरासं डावीकडं वळवलं, अंग डावीकडं झुकवलं आणि आम्हाला साइड दिली.